बँकॉक ते चियांग माई रात्रीची ट्रेन (९ नंबर), सेकंड क्लास एसी स्लीपर: घ्यावी का?

आधीच सांगते, स्वस्त पडते म्हणून ही ट्रेन घ्या असं कुणी सांगत असेल तर त्याने हिशोब नीट केलेला नाही. बँकॉकहून चियांग माईला जायला विमान आहे, बस आहे, ट्रेन आहे, आणि लो कॉस्ट विमानाचं तिकीट महिनाभर आधी बघितलं तर कधीकधी ट्रेनच्या बर्थएवढ्याच पैशात मिळून जातं, बस तर बहुतेक वेळा ट्रेनपेक्षा स्वस्तच. तरी मी ट्रेनच घ्या म्हणेन, आणि ते "प्रवासाची मजा" वगैरे म्हणून नाही तर पैशाचंच गणित मांडून. विमानाच्या तिकिटावर बॅगेचे वेगळे पैसे, एअरपोर्टला जायचे-यायचे पैसे, आणि मुख्य म्हणजे त्या रात्री चियांग माईत नाहीतर बँकॉकमध्ये हॉटेल घ्यावंच लागतं. ट्रेनमध्ये ती हॉटेलची रात्र वाचते, वर दिवसही वाया जात नाही, संध्याकाळपर्यंत बँकॉक बघायचं, रात्री झोपायचं, सकाळी सातच्या पुढे चियांग माईत. आमचा मुक्काम स्वस्तातल्या गेस्ट हाऊसमध्ये असतो त्यामुळे वाचलेली रात्र म्हणजे काही फार मोठी रक्कम नाही, पण तीन माणसं आणि दोन खोल्या म्हटलं की जाणवतं.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. आईंचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांचा त्रास, गळ्यात तुळशीची माळ, आणि वेळ श्रावणातली म्हणजे कांदा-लसूण पण बंद. "परदेशात जायचं तर तुम्ही दोघं जा, मी काय खाणार तिथे" असं चार वेळा म्हणून झाल्यावर आल्या. श्रावण निवडला कारण तिकडे तेव्हा पावसाळा, गर्दी कमी, खोल्यांचे भाव उतरलेले. पाऊस येतो तो धो धो येऊन तासाभरात जातो, आपल्या कोकणातल्यासारखा दिवसदिवस लागून बसत नाही (हा आमचा अनुभव, गॅरंटी नाही हं).

तिकिटाचं बघू. स्टेट रेल्वे ऑफ थायलंडची स्वतःची ऑनलाइन बुकिंग आहे, डी-तिकीट नावाची, तिथेच काढा. सर्च केलं की वर दिसतात त्या बऱ्याच साइट एजंट लोकांच्या असतात, त्या कमिशन लावतात आणि बर्थ हवा तोच मिळेल याची खात्री देत नाहीत. सेकंड क्लासचा खालचा बर्थ हजार बाटच्या थोडा वर आणि वरचा त्यापेक्षा शंभरेक बाटने कमी. बाट म्हणजे अडीच-पावणेतीन रुपये धरा, म्हणजे माणशी पावणेतीन हजारांच्या आसपास. हो, आपल्या टू टायर एसीच्या हिशोबाने महाग आहे, अंतर ७५१ किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा कमीच. पण तुलना तिथल्या हॉटेलशी करायची, विदर्भ एक्सप्रेसशी नाही.

शंभर बाट वाचवायला वरचा बर्थ घेऊ नका. अगदी मोजून-मापून फिरणाऱ्यांनाही हेच सांगेन. वरच्याला खिडकी नाही, रुंदी कमी, शिडी उभी, आणि दिवे जवळ. एवढ्या लांब जाऊन बाहेरचं काही दिसणारच नसेल तर मग बसच बरी की. आम्ही दोन खालचे एक वरचा घेतला, वर कोण गेलं ते सांगायला नको, बिचारा अजून ऐकवतो.

आता एक महत्त्वाचं, गाडी सुटते कुठून. जुन्या ब्लॉगमध्ये, जुन्या गाइडमध्ये सगळीकडे हुआ लाम्फोंग स्टेशन लिहिलेलं असतं. ते १९१६ सालचं, अर्धगोल छताचं, दिसायला सुंदर स्टेशन आहे पण लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून तिथून सुटत नाहीत. त्या गेल्या बांग स्यूला, नवीन टर्मिनलचं नाव क्रुंग थेप अफिवात. टॅक्सीवाल्याला नुसतं "रेल्वे स्टेशन" म्हणालात तर तो कुठे सोडेल सांगता येत नाही, त्यामुळे टॅक्सीच्या भानगडीत न पडता मेट्रोची ब्लू लाइन घ्या, ती थेट स्टेशनच्या खाली येते, बांग स्यूला उतरायचं आणि वर यायचं. सुवर्णभूमी विमानतळावरून येत असाल तर एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासान, तिथून चालत फेचबुरी मेट्रो स्टेशन, मग ब्लू लाइन. डॉन म्युआंगला उतरलात तर अजून सोपं, रेड लाइनची लोकल तिथूनच थेट ह्याच टर्मिनलला येते. मेट्रोत आपलं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवलं की चालतं, फक्त कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून ठेवा आणि तुमची बँक वर किती टक्के लावते ते घरूनच विचारून निघा.

टर्मिनल प्रचंड आहे. आपल्या सीएसएमटीवर गाडी लागायच्या आधीच लोक प्लॅटफॉर्मवर पसरलेले असतात ना, चादरी टाकून, डबे उघडून, तसं इथे काही नाही. खाली मोठ्ठा हॉल, खुर्च्या, पाट्या, आणि गाडीची वेळ जवळ आली की अनाउन्समेंट होऊन गेट उघडतं, मग सरकत्या जिन्याने वर प्लॅटफॉर्मवर जायचं. विमानतळासारखंच. स्वच्छता म्हणाल तर नाव ठेवायला जागा नाही पण थोडं रिकामं रिकामं वाटतं, एवढ्या जागेत आपल्याकडे अख्खं दादर मावलं असतं.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. ९ नंबर गाडी ६:४० ला सुटते, त्यामुळे सहाच्या सुमारास तुम्ही हॉलमध्येच असणार, आणि बरोबर सहाला राष्ट्रगीत लागतं. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला लागतं तिकडे. खाणारे खाणं थांबवतात, चालणारे जिथल्या तिथे उभे राहतात, सगळा हॉल एकदम स्तब्ध. आई नुकत्याच बसल्या होत्या गुडघा चोळत, आजूबाजूचे उठले तशा माझा हात धरून उठल्या, ताठ उभ्या राहिल्या, संपल्यावर मला विचारतात, "कुणाचं होतं गं?" मी म्हटलं त्यांचं. "बरं झालं उठले."

गाडीबद्दल. हे डबे चिनी बनावटीचे, २०१६ च्या शेवटी आले, अजून चांगल्या अवस्थेत आहेत. रूळ मीटरगेज, त्यामुळे डबा आपल्या एक्सप्रेस गाड्यांच्या एलएचबी डब्यापेक्षा अरुंद, आणि मांडणी वेगळी. आपल्याकडचे साइड लोअर-साइड अप्पर आठवा, तसे बर्थ दोन्ही बाजूंनी, मधून पॅसेज. कंपार्टमेंट असं काही नाहीच. पण साइड लोअर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे येतं, ती मधली फट, तो पाय न पुरणारा प्रकार, त्यातलं इथे काहीही नाही. दिवसा समोरासमोर दोन रुंद सीट असतात, त्या सरकवून त्यांचाच सलग बेड होतो आणि रुंदी एवढी की कूस बदलताना पडायची भीती नाही. प्रत्येकाला पडदा, वाचायचा दिवा, चार्जिंगचा सॉकेट. डब्यात एक स्क्रीन, त्यावर पुढचं स्टेशन इंग्रजीतही येतं.

बेड लावतो तो अटेंडंट. हे बघण्यासारखं आहे, खरंच. गाडी सुटून थोडा वेळ झाला की तो एका टोकाकडून सुरुवात करतो. सीट ओढून सपाट, वरचा बर्थ चावीने उघडून खाली, त्यातून गाद्या बाहेर, पिशवीतून कडक इस्त्रीची पांढरी चादर काढून एका झटक्यात गादीवर, चारही कोपरे आत खोचलेले, उशी, ब्लँकेट, पडदा हुकात अडकवला की झालं, पुढचा. हात कुठे अडत नाही की थांबत नाही. आई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या, आणि त्या स्वतः चादरीला एक सुरकुती राहू देत नाहीत, त्यामुळे त्यांनी मान डोलावली म्हणजे ते सर्टिफिकेटच समजायचं. एकच अडचण, लवकर बेड लागला की मग बसायला जागा नाही, पाय पसरूनच बसावं लागतं. त्याला खूण करून सांगितलं की आम्हाला शेवटी लाव तर तो लावतो.

थंडी. एसी थंड म्हणजे चांगलाच थंड असतो, आणि हे ह्या गाडीबद्दल सगळेच सांगतात. ब्लँकेट मिळतं पण ते पातळ. मोजे, कानटोपी, शाल, जे असेल ते वरच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. पॅसेजमधले दिवे रात्रभर चालू असतात, पडद्यातून उजेड येतो, ज्यांना अंधाराशिवाय झोप लागत नाही त्यांनी डोळ्यावरची पट्टी न्यावी. टॉयलेट स्वच्छ, पाणी आहे, सकाळी बेसिनपाशी थोडी रांग. आणि हो, आईंनी घरून आणलेली साखळी-कुलूप, सीटखाली कडी शोधून शोधून दमल्या, कडीच नाही. पर्स उशाशी आणि बॅग पायाशी घेऊन झोपल्या. मोठ्या ट्रॉली बॅगा आणू नका एवढंच, ठेवायला जागा कमी.

एकट्या बायका जाणार असाल तर महिला आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो, बुकिंग करताना बघा. दारूला २०१४ पासून गाडीत आणि स्टेशनात बंदी आहे, त्यामुळे रात्री धिंगाणा वगैरे प्रकार नाही, दहानंतर डबा गुडुप.

खाण्याचं मात्र नीट ऐका. डायनिंग कार आहे, डब्यात मेन्यू घेऊनही येतात, पण बाहेरच्यापेक्षा बरंच महाग आणि शाकाहारी माणसाच्या दृष्टीने अवघड. थायलंडमध्ये "व्हेज" म्हटलं की मटण-चिकन काढतात पण नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस तसाच राहतो, त्यांना ते मीठ घातल्यासारखंच वाटतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. तुम्हाला हवा असलेला शब्द "जे". चिनी-बौद्ध पद्धतीचं कडक शाकाहारी जेवण, त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा आणि लसूण पण नाही! पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरं, लांबून इंग्रजी सतरा लिहिल्यासारखं दिसतं, ते दिसलं की आत शिरायचं. आईंसाठी मी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट सगळं बांधून नेलेलं, आणि बँकॉकमध्ये पहिल्याच दिवशी त्या एका चौकातल्या जे दुकानात टोफूची भाजी आणि भात खाऊन मोकळ्या, "आपल्याकडे हॉटेलात मिळत नाही बिनकांद्याचं, इथे मिळतंय." त्याच दुकानातून गाडीसाठी पार्सल घेतलं, तिघांचं मिळून डायनिंग कारच्या एका ताटाएवढेही पैसे झाले नाहीत. मेट्रोने निघायच्या आधी पार्सल घ्या, स्टेशनवर सेव्हन इलेव्हन वगैरे आहे पण तिथे जे खाणं शोधत बसावं लागतं. दशम्या सकाळी चहाबरोबर संपल्या.

जाता जाता, तिकडच्या भिक्षूंचाही आपल्यासारखाच चातुर्मास असतो, फान्सा म्हणतात, आपल्या आषाढी पौर्णिमेच्या सुमाराला सुरू होतो, पावसाचे तीन महिने ते एकाच विहारात राहतात, फिरत नाहीत. चियांग माईत एका वाटात (म्हणजे बौद्ध मंदिरात) बाहेर मेणबत्त्या आणि टोपल्या मांडलेल्या होत्या तिथे हे कळलं तेव्हापासून आईंचा थायलंडबद्दलचा सूरच बदलला.

सकाळचं. खालचा बर्थ घ्या म्हटलं ते ह्यासाठी. पडदा सरकवून आडव्यानेच बाहेर बघता येतं. बँकॉकपासून फित्सानुलोकच्याही पुढेपर्यंत सगळा सपाट भातशेतीचा मुलूख, तो अंधारातच जातो, त्यात काही गेलं असं वाटून घेऊ नका. खरं बघायचं ते लाम्पांग सुटल्यावर, तिथून शेवटचा घाट चालू होतो, गाडी हळू होते, बांबूची बेटं काचेला घासतील इतकी जवळ, आणि मग खुन तानचा बोगदा. १,३५२ मीटर लांब, कित्येक वर्षं देशातला सगळ्यात मोठा रेल्वे बोगदा हाच होता. १९०७ ला काम सुरू झालं ते १९१८ ला संपलं, आयझेनहोफर नावाच्या जर्मन इंजिनिअरच्या देखरेखीखाली, आणि मध्येच पहिल्या महायुद्धात सयाम (म्हणजे तेव्हाचं थायलंड) जर्मनीविरुद्ध उतरल्यावर जर्मन लोकांना अटकेत टाकलं. आयझेनहोफरचं स्मारक बोगद्याच्या तोंडाशीच आहे. कसारा-खंडाळ्यात लहानपण गेलेल्यांना बोगद्याचं काय कौतुक म्हणाल, पण पलीकडे बाहेर पडलं की छोटंसं स्टेशन, फुलांच्या कुंड्या, धुकं, आणि हातात झेंडी घेऊन गणवेशात उभा स्टेशन मास्तर. नवरा वरून ओरडतोय काय दिसतंय सांगा.

आता ह्यात एक गोम आहे. ९ नंबर सव्वासातच्या सुमाराला चियांग माईला पोचते म्हणजे हा डोंगराचा भाग पहाटे सहाच्या आसपास येतो. पावसाळ्यात, उन्हाळ्यात तेव्हा उजाडलेलं असतं. पण आपले बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारीत जातात आणि तेव्हा तिकडे सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो, म्हणजे बोगदा पण काळा आणि बाहेर पण काळं. थंडीत जाणार असाल आणि घाट बघायचाच असेल तर मागची १३ नंबर बघा, ती रात्री आठनंतर सुटते आणि साडेआठच्या पुढे पोचते. डबे जुने आहेत तिचे पण बर्थची पद्धत तीच, आणि घाट उजेडात.

फर्स्ट क्लास घ्यावा का असं विचारणाऱ्यांना, नको. दोन बर्थची बंद खोली, आत बेसिन, डब्यात शॉवर, पैसे साधारण दीडपट. जोडप्याला ठीक आहे, पण एकटे असाल तर अनोळखी माणूस बरोबर येईल किंवा अख्ख्या खोलीचे जास्तीचे पैसे भरा. आणि बंद खोलीत बसून कसला प्रवास. आमच्या समोरच्या बर्थवर एक थाई बाई नातवाला घेऊन होत्या, आईंना थाई येत नाही, त्यांना मराठी येत नाही, इंग्रजी दोघींना नाही, तरी गुडघ्याला कुठलं मलम लावायचं ह्यावर दोघींची अर्धा तास चर्चा झाली आणि मलमाची डबी हातात पडली. ते फर्स्ट क्लासच्या बंद दारात कुठून होणार.

चियांग माई स्टेशन जुन्या गावापासून तीनेक किलोमीटर पूर्वेला आहे. बाहेर पडलं की लाल सोंगथाव उभ्या असतात, आपल्या वडापसारख्याच, मागे समोरासमोर बाकडी, माणशी तीस-चाळीस बाटात जुन्या गावात सोडतात. आधी भाव विचारा आणि शेअरिंगच सांगा, नाहीतर अख्खी गाडी तुमच्या नावावर लावतो. चेक-इन दुपारी असतं, पण बहुतेक गेस्ट हाऊसवाले सकाळी बॅगा ठेवून घेतात, तोवर वारोरोत मार्केट गाठा, सकाळचं तेच खरं.

थोडं पैशाचं अजून. एटीएममधून परदेशी कार्डाने काढलेत तर दर वेळी दोनशेच्या वर बाट नुसती फी जाते, दोन वेळच्या जेवणाचे पैसे ते. रोख डॉलर किंवा रुपये नेऊन शहरातल्या एक्स्चेंजवर बदला, विमानतळाच्या आगमन हॉलमधल्या काउंटरवर नको. व्हिसा २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना लागेनासा झाला, पण हे नियम बदलत असतात तर निघायच्या आधी तपासून घ्या. आणि मे २०२५ पासून पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. हातात एखादा दिवस जास्त असेल तर हुआ लाम्फोंगवरून साधी थर्ड क्लास लोकल पकडून अयुथयाला (त्यांची जुनी राजधानी) जाऊन या, तिकीट वीस बाटच्या आसपास, खिडक्या उघड्या, फेरीवाले डब्यात, आणि एसी ट्रेनमध्ये जे सुटतं ते सगळं त्यात मिळतं.

पाचपैकी चार. एक तारा थंडी आणि दिव्यांचा कापला. जाताना ट्रेन घ्या, येताना मात्र तीच परत घेऊ नका, परतीची १० नंबर संध्याकाळी सहाला सुटते आणि डोंगर येईपर्यंत अंधार पडायला लागतो. येताना विमान स्वस्त मिळालं तर ते घ्या, नाहीतर लाम्पांगला उतरून एक रात्र राहा, तिथे अजून घोड्याच्या टांग्यातून गाव फिरवतात, आणि चियांग माईपेक्षा खोल्या स्वस्त आहेत.